चिकणमाती, दमट हवा आणि कृत्रिम गवत : दुरुस्ती व देखभालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृत्रिम गवताबद्दलचे बहुतेक प्रश्न वरच्या पात्यांविषयी येतात, आणि त्यांची बहुतेक उत्तरे खालच्या खडीत सापडतात. जमीन चिकणमातीची आणि हवा दमट असली की हे दुपटीने खरे. म्हणून आधी पाणी आणि पाया घेतला आहे, मग सांधे आणि कडा, मग वरची स्वच्छता, शेवटी नेहमीच्या नियमात न बसणाऱ्या गोष्टी. अंगणातले लॉन आणि खेळाचे मैदान यांत फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

१. कृत्रिम गवताला देखभाल लागतच नाही असे सांगून विकले होते. खरेच काही करावे लागते का?

कापावे लागत नाही आणि पाणी-खत घालावे लागत नाही, एवढाच त्या सांगण्याचा अर्थ. आठवड्यातून एकदा पाने-काटक्या काढणे, महिन्यातून दोनदा कोरड्या दिवशी लव (पात्यांचा कल) उलट दिशेने विंचरणे, पावसाळ्याआधी निचरा तपासणे आणि वर्षातून एकदा भरणवाळूची (पात्यांच्या बुडाशी भरलेल्या वाळूची) जाडी मोजणे, इतके तरी लागतेच. यातले पहिले काम सगळ्यात जास्त टाळले जाते. दमट हवेत पडलेले पान काही आठवड्यांत कुजून त्याची माती होते, ती पात्यांच्या बुडाशी बसते, आणि पुढे शेवाळ व तण दोघांचीही सोय होते.

२. चिकणमातीत नेमके वेगळे काय होते? शेजारच्या रेताड जमिनीवर तेच गवत छान आहे.

तीन गोष्टी होतात आणि तिन्हींमुळे होणारे बिघाड वेगळे असतात. पहिली, चिकणमातीचे कण ०.००२ मिमीपेक्षा बारीक असतात, त्यामुळे पाणी खाली जवळजवळ उतरत नाही. खडीत शिरलेले पाणी बाजूने काढून दिले नाही तर तिथेच राहते. दुसरी, माती भिजली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. त्यामुळे पृष्ठभाग वरखाली होतो आणि सांधे ताणले जातात. तिसरी, ओली चिकणमाती मऊ पडते. वर चालण्या-खेळण्याचा दाब आला की खडी मातीत रुतते आणि माती खडीच्या फटींतून वर चढते. दोन-तीन पावसाळ्यांत निचऱ्याचा थर आतून लिंपला जातो, वरून मात्र काहीच दिसत नाही.

३. गवताखाली कोणते थर असायला हवेत? आमच्याकडे आधीच घातलेले आहे, ते कसे तपासू?

खालून वर असे : दर मीटरला १ ते २ सेंमी ढाळ देऊन दाबलेली मूळ माती, त्यावर न विणलेले जिओटेक्स्टाइल कापड (माती अडवून पाणी जाऊ देणारे), साधारण २०० जीएसएमचे (चौरस मीटरला २०० ग्रॅम), जोडाजवळ ३० सेंमी एकावर एक, त्यावर २० मिमीची धुतलेली खडी १५ ते २० सेंमी, सगळ्यात वर ६ मिमीची बारीक खडी ३ ते ५ सेंमी. खडी एकदम ओतून वरून रोलर फिरवू नये. ७-८ सेंमीचा थर टाकायचा, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबायचा, मग पुढचा. सगळ्यात खालच्या कडेने १०० मिमी व्यासाचा सच्छिद्र पाईप हवा, आणि त्याचे तोंड कुठेतरी उघडे, खालच्या पातळीवर निघायला हवे.

वरच्या थराला क्रशरची कच (दगड फोडताना निघणारा चुरा) वापरण्याची पद्धत फार पसरलेली आहे, कारण ती पटकन सपाट होते. रेताड जमिनीवर ते खपून जाते. चिकणमातीवर कच ओली राहते, घट्ट बसते आणि निचऱ्याचे झाकणच बनते.

तपासायला एका कोपऱ्यातले खिळे काढून गवत अर्धा मीटर मागे दुमडा आणि ३० सेंमी लांब-रुंद खड्डा मूळ मातीपर्यंत खणा. कापड आहे का, खडीच्या फटी मोकळ्या आहेत की चिखलाने भरल्या आहेत, खड्ड्यात पाणी झिरपून येते का, या तीन गोष्टी पाहिल्या की पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे मिळतात.

४. पावसानंतर गवतावर पाणी साचते. दोष गवताचा की जमिनीचा, हे उकरायच्या आधी कसे ओळखायचे?

३० सेंमी व्यासाच्या जुन्या बादलीचा बूड कापा. ती गवतावर दाबून धरा, बाहेरून कडेभोवती ओला टॉवेल गुंडाळा आणि आत साडेतीन लिटर पाणी ओता. एवढ्या व्यासात ते जवळपास ५० मिमी उंच उभे राहते. दहा मिनिटांत उतरले तर त्या जागी तक्रार नाही. अर्ध्या तासानंतरही पाणी दिसत असेल तर कोपऱ्याकडून गवत उलटून हीच चाचणी उघड्या खडीवर करा.

खडीने पाणी पटकन घेतले, म्हणजे गवताच्या पाठीची (पाती जिच्यात ओवलेली असतात त्या खालच्या अस्तराची) छिद्रे बुजली आहेत (प्र. ५). खडीनेही घेतले नाही, म्हणजे पाया लिंपला आहे (प्र. ६). दोन्ही ठिकाणी पाणी उतरते, तरी मोठ्या पावसात तळे होते? मग पाण्याला बाहेर जायला वाट नाही. चिकणमातीत खणलेला आणि खडीने भरलेला खड्डा हा एक टबच असतो. टब भरेपर्यंत सगळे उत्तम चालते. पाऊस थांबून २४ तास झाल्यावर सगळ्यात खालच्या कोपऱ्यात खणून पाहा. खडीत पाणी उभे असेल तर शंका मिटली.

५. पाठीची छिद्रे बुजली असतील तर उघडता येतात का?

येतात, पण आधी पाया ठीक आहे याची खात्री करा. नाहीतर मेहनत वाया. छिद्रे सहसा ५-६ मिमीची, ८ ते १० सेंमी अंतरावर असतात. सलग कोरडे दिवस बघून त्या भागातली भरणवाळू व्हॅक्यूमने काढा, नायलॉनच्या ब्रशने बुडापर्यंत घासा, सुटलेली माती पुन्हा ओढून घ्या आणि मगच पाणी मारा. उलट क्रमाने केले तर बारीक माती पाण्याबरोबर छिद्रात आणखी घट्ट बसते.

एवढ्याने भागले नाही तर गवत उलटे करून ६ मिमीच्या गरम सळईने किंवा सोल्डरिंग आयर्नने पाठीकडून छिद्रे मोकळी करा. ड्रिल वापरू नका, त्यात धागा गुंतून ओळच्या ओळ उसवते. गरम सळईने छिद्राची कड वितळून बंद होते. सांध्यापासून ५ सेंमीच्या आत छिद्र नको. काम उघड्या हवेत करा, धूर श्वासात घेऊ नका.

६. पायाच तुंबला आहे. सगळे उकरावे लागेल का?

बहुतेक वेळा नाही. ढाळाच्या खालच्या कडेला गवताबाहेर चर खणा : ३० सेंमी रुंद, आणि खडीच्या तळापेक्षा निदान १५ सेंमी खोल. चराला आतून जिओटेक्स्टाइल लावा, तळाशी ५ सेंमी खडी, त्यावर १०० मिमीचा सच्छिद्र पाईप, छिद्रे खाली. वर करून ठेवली तर पाणी पाईपच्या उंचीपर्यंत चढल्याशिवाय आत शिरत नाही. पाईपला दर १०० सेंमीला १ सेंमी उतार द्या, वरून २० मिमीची खडी भरा आणि कापड मिटा. गवताच्या कडेला सिमेंटची बांधणी असेल तर खडीच्या तळाच्या पातळीवर दर मीटरला २५ मिमीचे एक भोक पाडून ती बाजू चराशी जोडा. टबाची भिंत तशीच ठेवून चर खणणाऱ्यांना निकाल मिळत नाही.

पाणी सोडायला खालची जागाच नसेल तर पाणी गोळा करायचा खड्डा (संप) आणि पंप लागतो. शोषखड्डा सुचवला जातो, पण चिकणमातीत शोषखड्डा शोषत नाही, तो नुसता भरतो.

चर केल्यावर पहिल्या मोठ्या पावसानंतर प्र. ४ ची चाचणी पुन्हा करा. एखाद्या पट्ट्यातच पाणी अडत असेल तर तेवढी खडी काढून, धुऊन किंवा बदलून, खाली कापड घालून परत भरावी. संपूर्ण पाया बदलायची वेळ येते ती मुळात कापडच नसेल आणि खडी अर्ध्याहून अधिक चिखलाने भरली असेल तेव्हा.

७. एका जागी खोलगट झाले आहे. वरून वाळू टाकून सपाट केले तर?

पाती गाडली जातील आणि खोलगटपणा खाली तसाच राहील. पाणीही तिथेच येईल. आधी ३ मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवून खालची फट मोजा. १० मिमीपर्यंत सोडून द्या, खेळाच्या मैदानावरही तेवढे चालते. त्यापेक्षा जास्त असेल तर उघडावे लागते.

जवळच्या सांध्यावरून गवत सोडवा, मधेच नवा काप घेऊ नका. भरणवाळू काढून गवत मागे गुंडाळा. खडी बाजूला काढून खालची माती पाहा. ती कणकेसारखी मऊ असेल तर तिच्यावर धुम्मस मारण्यात अर्थ नाही. ओली चिकणमाती दबत नाही, बाजूला सरकते. तो मऊ भाग १०-१५ सेंमी खणून फेका, खड्ड्यात कापड अंथरा आणि खडी थराथराने भरत प्रत्येक थर धुम्मसने ठोका. शेवटचा थर भोवतालपेक्षा ४-५ मिमी उंच ठेवा, तो बसतो. मग सांधा प्र. ९ प्रमाणे.

माती का मऊ पडली हे न शोधता खड्डा भरला तर पुढच्या वर्षी तो पुन्हा तुमची वाट पाहत असतो. छपराची पन्हळ, गळका नळ आणि तुंबलेला पाईप हे नेहमीचे आरोपी.

८. उन्हाळ्यात खचते आणि पावसाळ्यात आपोआप वर येते. अशाची दुरुस्ती करायची तरी कधी?

हा फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीचा स्वभाव आहे आणि इथे घाई महागात पडते. कडक उन्हाळ्यात, माती पूर्ण आकसलेली असताना सपाट केले तर पावसात तिथे उंचवटा येतो. भर पावसात केले तर उन्हाळ्यात खड्डा. त्याच दोन-तीन जागांची पातळी पाणसळीने वर्षात दोनदा मोजून लिहून ठेवा. पाऊस संपून महिना-दीड महिना झाला की मातीतली ओल मध्यम असते, तेव्हा काम काढा.

मातीची ओल सगळीकडे सारखी ठेवता आली तर निम्मा त्रास जातो. घराच्या कडेचे पाणी लॉनपासून दूर वळवा. मोठ्या मैदानांत पाया घालतानाच मातीत चुना मिसळतात, वाळलेल्या मातीच्या वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के. त्याआधी मातीची प्रयोगशाळेत तपासणी हवी, कारण सल्फेट जास्त असलेल्या मातीत चुन्याने उलट फुगवटा वाढतो. अंगणासाठी एवढा खटाटोप करू नये. खडीचा थर ५ सेंमी वाढवणे सोपे.

९. सांधा उघडला आहे. घरच्या घरी जोडता येईल का?

दोन-तीन मीटर असेल तर नक्की. लागतात त्या वस्तू : ३० सेंमी रुंदीची सांधापट्टी (जोडाखाली अंथरायची पट्टी), पॉलियुरेथेन अॅडहेसिव्ह (मीटरला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम), दातेरी पट्टी, धारदार कटर आणि त्याची भरपूर पाती, वाळूच्या पिशव्या.

उघडलेल्या भागाच्या दोन्ही टोकांना २० सेंमी जास्त सोडवा आणि दोन्ही कडा मागे दुमडून वजन ठेवा. जुनी पट्टी पूर्ण काढा. जुन्या अॅडहेसिव्हवर नवे लावले की ते जुन्याच्या ताकदीइतकेच टिकते. पाठीला चिकटलेली वाळू-माती खरवडा आणि पाठ कोरडी होऊ द्या. टिश्यूपेपर दहा सेकंद दाबून धरा, ओलसर झाला तर थांबा.

नवी पट्टी सांध्याच्या बरोबर मध्ये, खडबडीत बाजू वर. अॅडहेसिव्ह दातेरी पट्टीने २२-२५ सेंमी रुंदीत पसरवा. आधी एक कड टेकवा, मग दुसरी; मध्ये २ मिमीच्या आसपास फट. कडा एकमेकींवर चढल्या तर उन्हात तिथे कंगोरा उठतो, फट मोठी राहिली तर लांबूनही रेघ दिसते. पाती चिकटपट्टीत अडकू देऊ नका, टोकदार काडीने एकेक बाहेर काढा. हे कंटाळवाणे काम आहे आणि सांधा दिसणार की नाही ते इथेच ठरते. वर वाळूच्या पिशव्या ठेवून २४ तास कोणालाही फिरू देऊ नका. भरणवाळू त्यानंतर.

१०. दमट दिवसांत अॅडहेसिव्ह फेसाळते आणि सांधा सुटतो. कारण काय?

एक-घटक पॉलियुरेथेन हवेतली आर्द्रता घेऊनच घट्ट होते, त्यामुळे दमटपणा त्याचा शत्रू नव्हे. शत्रू म्हणजे पाण्याचा थेंब. पाठीवर किंवा पट्टीवर प्रत्यक्ष पाणी असले की अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइड सुटतो, फेस होतो, आणि फेसाची पकड भुसभुशीत असते. सकाळचे दव हे यातले सगळ्यात फसवे पाणी. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त असावे. व्यवहारात सांगायचे तर सकाळी दहा-अकराच्या आधी सुरू करू नका.

दमट-उष्ण हवेत पसरलेल्या अॅडहेसिव्हवर साय लवकर धरते. एका वेळी दोन मीटरपेक्षा जास्त पसरवू नका. बोट लावून ते बोटाला चिकटले नाही तर तेवढे खरवडून नवे लावा. दोन-घटक प्रकारात आर्द्रतेचा त्रास कमी, पण उन्हात ते डब्यातच आवळते, म्हणून थोडेथोडे कालवा. पाण्यात विरघळणारे लॅटेक्स अॅडहेसिव्ह अशा हवेत बाहेर वापरूच नये.

११. निखारा पडून किंवा कोळपून डाग पडला आहे. ठिगळ लावता येते का? कोळपले तरी कशाने?

ठिगळासाठी नवा तुकडा वापरू नका, त्याचा रंग उठून दिसतो. तोच मूळ गवताचा, कुंडीमागचा किंवा कोपऱ्यातला तुकडा घ्या आणि नवा तुकडा त्या कोपऱ्यात लावा. लव एकाच दिशेला आहे हे तळहात फिरवून तपासा. खराब भागावर चांगला तुकडा ठेवून दोन्ही थर एकाच वेळी कापले तर माप तंतोतंत जुळते. कापताना दोन धाग्यांच्या ओळींमधून जा, ओळीवरून नाही. खाली सांधापट्टी चारही बाजूंनी १० सेंमी बाहेर जाईल एवढी, बाकी प्र. ९.

निखारा नसतानाही पाती सरळ रेषेत किंवा सरकत्या पट्ट्यात वितळलेली दिसत असतील तर समोरची खिडकी पाहा. दुपदरी काच किंचित आत वाकली की ती अंतर्वक्र आरशासारखी ऊन एकवटते. पॉलिइथिलीन साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला वितळते, आणि गवत भर उन्हात आधीच ६०-७० अंशांवर असते. काचेवर बाहेरून जाळी लावल्याखेरीज ठिगळही जळणारच.

१२. सुरकुत्या पडल्या आहेत, दुपारी जास्त दिसतात. कापून टाकू का?

थांबा. दुपारी येऊन संध्याकाळी जाणारी सुरकुती उष्णतेने प्रसरणामुळे असते, आणि बहुतेक वेळा भरणवाळू कमी पडल्याने. वजन नसले की गवत सरकते. वाळू पुरी करा (प्र. १५) आणि महिनाभर पाहा. सकाळीही तशीच राहणारी सुरकुती ढिल्या कडेमुळे किंवा सरकलेल्या पायामुळे असते. एका कडेचे खिळे काढून ताणणीने त्या दिशेला ओढा, पुन्हा पक्के करा आणि वाढावा कडेलाच कापा. मधोमध कापणे म्हणजे स्वतःहून एक नवा सांधा तयार करणे.

१३. कडेचे खिळे दरवर्षी वर येतात.

माती फुगते तेव्हा खिळा उचलते, आकसते तेव्हा पकड सोडते. तो वर येणारच. १५ सेंमीचे जस्त चढवलेले खिळेही फक्त खडीच्या थरातच धरतात. लाकडी पट्टी दमट जमिनीत कुजते. टिकणारा उपाय म्हणजे कडेला भोके ठेवलेली सिमेंटची बांधणी (प्र. ६) किंवा पुनर्वापरित प्लास्टिकची जाड पट्टी, आणि गवत तिला अॅडहेसिव्ह व स्टेनलेस स्क्रूने धरलेले. खिळेच वापरायचे असतील तर १० ते १५ सेंमी अंतरावर आणि आलटून पालटून तिरके ठोका.

१४. सावलीतल्या भागात हिरवे-काळे शेवाळ धरते, घसरायला होते.

कोरडे असताना नायलॉनच्या ताठ ब्रशने खरवडून कचरा उचला. मग बाजारात मिळणाऱ्या ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचा १ भाग आणि पाणी १० भाग असे द्रावण फवारा. दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. आधी कोपऱ्यात करून रंग उतरत नाही ना ते पाहा. त्यात व्हिनेगर, अॅसिड किंवा अमोनिया असलेले काहीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. कुत्र्याच्या मूत्राची जागाही आधी साध्या पाण्याने धुऊन घ्या. बेंझाल्कोनियम क्लोराइडचे द्रावण रंगाला जास्त सौम्य आहे आणि परिणाम टिकाऊ, पण मासे असलेल्या हौदाजवळ नको.

वर्षातून तीनदापेक्षा जास्त वेळा फवारावे लागत असेल तर औषध बदलू नका, फांद्या छाटा. ऊन आणि वारा मिळाला की शेवाळ मागे हटते. तिथेच पाणीही उभे राहत असेल तर प्र. ४.

१५. भरणवाळू किती लागते, आणि कमी झाली हे कसे कळते?

अंगणातल्या ३०-३५ मिमी पात्यांना चौरस मीटरला ६ ते १० किलो. खेळाच्या गवताला त्याच्या पात्यांच्या उंचीनुसार बरीच जास्त, आणि तिथे उत्पादकाचा आकडाच प्रमाण. मोजायला जाड सुई पाठीपर्यंत खुपसा, वाळूच्या पातळीवर बोट धरा. दहा जागी मोजून सरासरी काढा.

हिशोब सोपा आहे : चौरस मीटर गुणिले कमी पडलेले मिलिमीटर गुणिले १.६ म्हणजे किलो. ५० चौ. मी.वर ३ मिमी कमी असेल तर २४० किलो. ती एकदम ओतायची नाही. दोन-तीन किलोंचा हात फिरवायचा, लवेच्या उलट विंचरायचे, मग पुढचा हात. वाळू आणि गवत दोन्ही खडखडीत कोरडे हवेत. ओली वाळू पात्यांच्या टोकांना धरून राहते आणि त्यांना वाकवून वरच बसते. ब्रश नायलॉनचा. लोखंडी दाताळे आणि तारेचा ब्रश पाती चिरतात.

१६. नदीची किंवा समुद्राची वाळू धुऊन वापरली तर?

नको. कण कंगोरेदार असले की पात्यांना कानस लागते, आणि कमी-जास्त आकाराचे कण एकमेकांत बसून वाळू दगडासारखी आवळते. गोलसर, धुतलेली, वाळवलेली क्वार्ट्झ वाळू, ०.४ ते ०.८५ मिमी, हीच घ्या. पारखायला बाटलीत पाणी आणि मूठभर वाळू घालून हलवा : पाणी गढूळ राहिले तर पोते परत करा. समुद्राच्या वाळूत मीठ असते, ते हवेतली ओल ओढते आणि खिळे गंजवते.

१७. चिखलाचे पाय सारखे उमटतात. लगेच धुवायचे ना?

मनात तसे येते, पण नाही. ओली चिकणमाती धुतली की ती भरणवाळूत उतरते आणि छिद्रांपर्यंत पोचते. डाग पूर्ण वाळू द्या, ढेकळे हाताने उचला, ब्रशने सुटे करा, व्हॅक्यूमने ओढा, आणि मग हवे तर पुसा. लॉनकडे येणाऱ्या वाटेवर दीड-दोन मीटर लांबीत जाड खडी किंवा जाळीचे पायपुसणे ठेवले तर निम्मे काम वाचते.

१८. पुराचे पाणी येऊन गाळ बसला आहे. तोही वाळू द्यायचा का?

इथे वरचा नियम उलटा होतो. बोटभर जाडीचा गाळ वाळला की भरणवाळूसकट त्याचे पापुद्रे होतात आणि ते फोडताना पाती तुटतात. गाळ पातळ आहे तोवर रबरी वायपरने ढाळाच्या दिशेने ओढून बाहेर काढा, फावड्याची धार टेकवू नका. वर राहिलेला थर भरपूर पाणी आणि कमी दाबाने खालच्या कडेकडे ढकला. वाळल्यावर वरची ५ ते १० मिमी भरणवाळू व्हॅक्यूमने काढून नवी घाला. पाण्यात सांडपाणी मिसळले असल्याची शंका असेल तर हातमोजे-गमबूट घाला, शेवटी प्र. १४ मधले द्रावण फवारा आणि पूर्ण वाळेपर्यंत मुलांना जाऊ देऊ नका. पाईपची तोंडेही तपासा, गाळ तिथेच अडकतो.

१९. खाली कापड घातले आहे तरी तण उगवते. गांडुळांच्या मातीचे ढीगही दिसतात.

बहुतेक तण वरून येते : वाऱ्याने आलेले बी कुजलेल्या पानांच्या मातीत रुजते. कोवळे असताना, जमीन ओलसर असताना मुळासकट उपटा. लव्हाळा मात्र खालून येतो. त्याचा टोकदार कोंब कापडच काय, प्लास्टिकही भोसकतो, आणि उपटला तर गाठी खालीच राहतात. ग्लायफोसेटचे द्रावण कापसाच्या बोळ्याने पानांना लावा. ते मुळांपर्यंत पोचायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर उपटू नका. हरळी कडेवरून सरपटत येते, तिला कडेलाच छाटा. पेट्रोलियम द्रावक असलेली तणनाशके पाठीला मऊ करतात, ती टाळा.

गांडुळांनी वर आणलेली माती वाळल्यावर झाडून उचला, चोळू नका. मुंग्या सांध्यांतून माती बाहेर काढत असतील तर सांध्याखाली पोकळी होत आहे का ते पाहा.

२०. कुत्र्याच्या मूत्राचा वास पावसाळ्यात वाढतो. पाऊस तर धुऊन नेतो ना?

निचरा चांगला असेल तरच. तुंबलेल्या खडीत युरियाचे अमोनिया होत राहते आणि ओल वाढली की वास वर येतो. एन्झाइमचे द्रावण वापरा, पण नुसते शिंपडून नाही. ते मूत्र पोचले तिथवर पोचले पाहिजे, म्हणजे चौरस मीटरला चार-पाच लिटर, आणि तासभर ओले राहिले पाहिजे. त्याच दिवशी हायपोक्लोराइट मारले तर एन्झाइम निकामी होतात. भरणवाळूऐवजी झिओलाइट (सच्छिद्र खनिजाचे दाणे) घातल्याने अमोनिया धरला जातो, मात्र त्याची क्षमता भरते आणि ते बदलावे लागते. महिनाभरात फरक पडला नाही तर खडी उघडून प्र. ६ कडे वळा.

२१. जेट वॉशर चालेल का?

चालेल, पण पसरट फवाऱ्याचे नोझल, गवतापासून ३० सेंमी लांब, तिरक्या कोनात आणि कमी दाबावर. सांध्यावर आणि कडेवर अजिबात नाही. नंतर उडालेली भरणवाळू परत घालायची तयारी ठेवा.

२२. मोठ्या झाडाजवळचाच भाग दरवर्षी का बसतो?

झाड उन्हाळ्यात मातीतली ओल ओढते, त्यामुळे तिथली चिकणमाती बाकीपेक्षा जास्त आकसते. मुळे तोडणे हा उपाय नाही. झाडाला धोका, आणि नंतर माती फुगून उंचवटा येतो तो वेगळाच. बुंध्याभोवती दीड-दोन मीटरचे आळे उघडे ठेवा, त्यात सुटी खडी किंवा पालापाचोळा घाला आणि कोरड्या दिवसांत पाणी द्या. गवताची कड त्या वर्तुळाबाहेर घ्या.

२३. मातीची कटकटच नको म्हणून सिमेंटच्या कोब्यावर घातले तर?

कोब्याला दर मीटरला १ ते दीड सेंमी ढाळ आणि खाली १०-२० मिमीची निचऱ्याची जाळी असेल तर छान चालते. जाळी नसेल तर पाठ सतत ओली राहते आणि बुरशीचा वास धरते. चिकणमातीवरचा पातळ कोबा मात्र स्वतःच तडकतो, तेव्हा माती सुटली असे समजू नका.

२४. मैदानावरचे रबराचे दाणे पावसात वाहून कडेला जमतात.

रबर पाण्यापेक्षा किंचितच जड. दाण्यांना चिकटलेल्या हवेने ते तरंगतात. वाहून जात असतील तर पाणी खाली उतरण्याऐवजी वरून धावते आहे, म्हणजे पुन्हा प्र. ४. जमलेले दाणे मातीविरहित असतील तरच चाळून परत पसरवा, चिखलाळलेले टाकून द्या. कडेला १० सेंमी उंचीची पट्टी आणि गटाराच्या तोंडाला बारीक जाळी हवीच. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले त्यात मैदानांचे हे दाणेही आले, ८ वर्षांच्या मुदतीने. नवे मैदान आखणाऱ्यांनी सेंद्रिय भरणाचा विचार करावा, मात्र दमट हवेत कॉर्क किंवा नारळाचा भुसा बुरशी धरतो आणि हलका असल्याने तोही वाहतो.

२५. दुरुस्ती पुरे, आता बदलायचे हे कधी ठरवायचे?

पाती टोकाशी चिरून विंचरल्यावरही तासाभरात आडवी होतात. चिमटीत ओढल्यावर झुबका हातात येतो. पाठ दुमडली की लॅटेक्सची भुकटी गळते. तिसरी खूण दिसली तर सांधे जोडत बसू नका, अॅडहेसिव्ह धरायला घट्ट असे काही उरलेलेच नसते. सतत ओल्या राहणाऱ्या जागी लॅटेक्सची पाठ आधी जाते, म्हणून नवे घेताना पॉलियुरेथेनची पाठ मागा.

जुने गवत उचलले की पाया उघडा असतो, आणि असा मोका आठ-दहा वर्षांनीच येतो. त्याच दिवशी नवे अंथरायची घाई करू नका. एक मोठा पाऊस उघड्या खडीवर पडू द्या, पाणी कुठे उभे राहते तिथे खुंट्या ठोका, आणि गवताची मापे त्यानंतर घ्या.